पुढच्या वर्षीचे बोंड यंदाच मोजता येते

(कोपरी, ठाणे पूर्व येथे मुक्कामी बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखवण्यासाठी छापत आहोत.)



उद्या सकाळी मुंबईला जायचे आहे आणि आजचा मुक्काम कोपरीत आहे, म्हणून कपाशी-ज्वारीवाल्यांची ही बैठक ठाणे स्टेशनच्या पूर्वेला भरली आहे. दुपारी खिडकीतून बाहेर बघत एका भावाने विचारले, "इथं कधी काही पिकत होतं का?" पिकत होते. हा सगळा मुलूख भाताचा. आजही वाड्याकडे कोलम होतो, २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला शेतकरी खळ्यावरच्या भातातून बी काढून ठेवतो आणि पुढच्या वर्षी तोच कोलम उगवतो. आपल्याकडे मालदांडी ज्वारीचेही तसेच. मग कपाशीचे तसे का होत नाही? सरकी आपल्याच शेतातली, झाड आपल्याच डोळ्यांपुढे वाढलेले, तरी तिच्या पोटी काय निघेल याचा भरवसा नाही आणि दर मृगाला पाकिटासाठी दुकानापुढे उभे राहायचे. आज रात्री एवढ्या एकाच प्रश्नाचा हिशेब करायचा आहे. कागद-पेन्सिल लागणार नाही, मूठभर ज्वारी आणि मूठभर मूग पुरेत. ते आम्ही बरोबर आणले आहेत.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तोही एका शेतकऱ्याच्या पोराने. ग्रेगोर मेंडेल त्याचे नाव, जन्म १८२२. बाप कुळ होता, आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीला जायचा. पोराला शिकायचे होते आणि घरात पैसा नव्हता, म्हणून तो ब्रनो गावच्या मठात जाऊन साधू झाला. मठाच्या बागेत त्याने वाटाणा लावला. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला, तर सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती गेली कुठे? ते गोल दाणे त्याने पुन्हा पेरले, आपापसात फळू दिले आणि निघालेला एकेक दाणा मोजला. दाणे भरले ७,३२४. त्यांतले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे तीनास एक. गेलेली सुरकुती परत आली होती, आणि तीही ठरलेल्या वाट्याने. १८६६ साली त्याने हे छापले. पुढची ३४ वर्षे कोणी त्याकडे पाहिले नाही. शेतकऱ्याच्या पोराचे म्हणणे ऐकायला जगाला वेळ लागतो, त्यात नवल नाही.

आता तोच हिशेब आपल्या कपाशीला लावू. प्रत्येक गुणाची झाडात एक जोडी असते, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. त्याला जनुक म्हणतात. पाकिटातली संकरित बीटी कपाशी कशी बनते? एका वाणात बीटीचे जनुक दोन्हीकडून असते, दुसऱ्या वाणात ते अजिबात नसते. एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर हाताने लावतात. संध्याकाळी कळीतले पुंकेसर खुडायचे आणि सकाळी पराग लावायचे, हे काम बहुतेक बायका-पोरींकडून करून घेतात. या संकराचे जे बी, त्याच्या जोडीत एक बीटी आणि एक बिनबीटी. बीटी जोरकस असल्यामुळे झाडात विष तयार होते, पानात, पात्यात, बोंडाच्या टरफलात, सगळीकडे. इथवर कंपनीचे म्हणणे खरे आहे.

पण त्या झाडाला जेव्हा फूल येते, तेव्हा परागाचा प्रत्येक कण जोडीतला एकच घेऊन निघतो, आणि फुलातल्या बीजांडातही एकच असतो. कोणता, ते नशिबावर. या दोन पिशव्या बघा. दोन्हींत ज्वारी आणि मूग निम्मे-निम्मे कालवले आहेत. ज्वारी म्हणजे बीटी, मूग म्हणजे बिनबीटी. एक पिशवी परागाची, एक बीजांडाची. प्रत्येकाने न बघता दोन्हींतून एकेक दाणा काढायचा, जोडी दाखवायची आणि दाणे परत टाकायचे.

(इथे चाळीस जणांनी दाणे काढले. दोन्ही ज्वारी ११, एक ज्वारी एक मूग १९, दोन्ही मूग १०.)

बघा. चाळिसांपैकी तिसांच्या हातात ज्वारी आली, दहांच्या हातात निव्वळ मूग. नेमके तीनास एक. आज जुळले, पण पुन्हा काढले तर आठ येतील, बारा येतील. म्हणूनच मेंडेलने पाच-पन्नास दाण्यांवर भागवले नाही. चार झाडे बघून वाणाचा निकाल लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता यातली खरी गोम. हे मूग कुठे आहेत? पुढच्या वर्षीच्या शेतात नाहीत. ते यंदाच्या बोंडात आहेत. झाड आईचे, बोंडाचे टरफल आईचे, कापूससुद्धा आईचा, कारण धागा सरकीच्या सालीवर उगवतो आणि साल आईची असते. म्हणून यंदाचा कापूस एकसारखा निघतो आणि जिनिंगवाल्याला काही कळत नाही. पण सालीच्या आतला गर ही पुढची पिढी. तिथे चारातली एक सरकी बिनविषाची. आणि गुलाबी बोंडअळी खाते काय? सरकी.

२००२ च्या मार्चमध्ये आपल्या देशात बीटी कपाशीला मान्यता मिळाली. त्याच सुमाराला आम्ही कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो होतो आणि गावोगाव सांगत सुटलो होतो की अळीचा प्रश्न मिटला. हिरव्या अळीपुरते ते बरीच वर्षे खरे ठरले, ते नाकारण्याचे कारण नाही. २००६ साली दुसरा बीटी आला, त्यात विषाची जनुके दोन. दोन जनुके म्हणजे हिशेब सोळाचा. सोळा सरक्यांत नऊमध्ये दोन्ही विषे, तीनमध्ये फक्त पहिले, तीनमध्ये फक्त दुसरे आणि एक साफ मोकळी. एका बोंडात बत्तीस सरक्या धरा. अठरांत दोन्ही, सहांत एक, सहांत दुसरे आणि दोन मोकळ्या. म्हणजे अळीसाठी आपण एकाच बोंडात पूर्ण डोस, अर्धा डोस आणि बिनडोस असे तिन्ही वाढून ठेवले. डॉक्टरने दिलेली गोळी अर्धवट खाल्ली की रोग मरत नाही, निगरगट्ट होतो. तसेच झाले. पहिल्या बीटीला गुलाबी अळी जुमानत नाही, हे गुजरातेत २०१० साली कबूल करावे लागले. पुढे दुसराही निकामी झाला आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले, ते आपण विसरलेलो नाही.

बाहेरच्या बहुतेक देशांत बीटी कपाशी सरळ वाणात आहे. तिथे जोडीतले दोन्ही दाणे ज्वारीचे, म्हणून बोंडातली प्रत्येक सरकी विषाची. आपल्याकडे ती आली संकरितात. का? सरळ वाणाचे बी शेतकरी घरी ठेवतो, संकरिताचे ठेवून भागत नाही. बियाण्याच्या धंद्याला ते सोयीचे होते. अळीनेही त्याचा फायदा घेतला.

आता आपल्या पदरातलेही बोलू. पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिनबीटी पुडी यायची, कडेने लावायला. ती आपण किती जणांनी लावली? बांधावर फेकली, नाही तर म्हशीपुढे टाकली. कधी पुडीतले बी उगवतही नव्हते, तेही खरे. पण ती पुडी कशासाठी होती ते कुणी आपल्याला सांगितले नाही. अळीच्या अंगातही जोड्याच असतात. बीटी पचवण्याचा तिचा गुण बहुतांशी दबलेला, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच चालतो. बीटीवर वाचलेल्या पतंगाचे लग्न बिनबीटीवर वाढलेल्या साध्या पतंगाशी लागले, तर पोरे बीटी खाऊन मरतात. वाचलेल्याचे वाचलेल्याशीच लागले, तर सगळी पोरे वाचतात. पुडी म्हणजे साध्या पतंगांची सोयरीक होती. आणि डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड ठेवणे म्हणजे वाचलेल्यांचा वंश आपल्याच शेतात पोसणे. हे आम्ही उशिरा सांगू लागलो, ही आमची चूक.

आता सुट्या बियाण्याकडे येऊ. बिनबिलाचे, कापडी पिशवीतले, रात्री घरपोच होणारे. हे आजचे नाही. २००१ साली गुजरातेत नवभारत १५१ या संकरित वाणात मान्यतेआधीच बीटी सापडले, आणि पुढे त्याचीच दुसऱ्या पिढीची सरकी सुटी विकली गेली. आताही तणनाशक सोसणारे म्हणून मान्यतेवाचून जे बी फिरते, त्यातले किती संकरित आणि किती संकरिताची पोरे, ते विकणारा सांगत नाही. ते तंत्रज्ञान मिळावे की नाही हा वाद वेगळा, त्यावर आपल्या सभा झालेल्या आहेत. आज फक्त हिशेब. दुसऱ्या पिढीची सरकी लावली तर चारातले एक झाड बिनबीटी. तणनाशक सोसण्याचा गुणही तसाच एकेरी असेल, तर फवारा मारल्यावर चारातले एक रोप तणाबरोबर जळणार. तिसरी पिढी न निवडता लावली तर आठातली पाच झाडे बीटी आणि तीन बिनबीटी. फसवणूक झाली की नाही हे बोंड येईपर्यंत थांबून बघायला नको, ते पेरायच्या आधी सांगता येते.

आणि संकरिताचा जो जोम, ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो, तो वेगवेगळ्या जोड्या एकत्र आल्याचा असतो. दुसऱ्या पिढीत त्यातल्या निम्म्या जोड्या एकसारख्या होतात, तिसरीत उरलेल्यातल्या निम्म्या. एक झाड कमरेला, एक छातीला, एक बोंडांनी वाकलेले, एक नुसते पानांनी. २००१ च्या कायद्याने, म्हणजे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने, आपल्याला घरचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. संकरिताच्या बाबतीत हा हक्क कागदावरच राहतो. कायदा अडवत नाही, पिढी अडवते.

ज्वारीत हेच १९६४ पासून चालू आहे. सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी त्या साली आली. तिची आई अमेरिकेतल्या वाणाची, तिच्या फुलात परागच धरत नाहीत. हे वांझपण आईकडूनच उतरते आणि बापाकडून आलेले जनुक ते झाकून टाकते. घरी ठेवलेल्या संकरित ज्वारीत झाकणारे जनुक न मिळालेली ताटे निघतात. एका जोडीचा हिशेब धरला तर चारात एक. त्यांची कणसे शेजारच्या परागांवर अवलंबून, भरली तर भरली. जुन्या माणसांनी "हायब्रीड दुसऱ्या वर्षी दगा देतं" असे म्हणून ते बी ठेवणे सोडले. कारण माहीत नव्हते, अनुभव पक्का होता.

मालदांडी दगा का देत नाही? ज्वारीचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने फळते. जोडीत फरक असेल तर दर पिढीला तो निम्मा होतो. घरात चार भाऊ, दर पिढीला वाटणी, दहा पिढ्यांनी वाट्याला किती जमीन येते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. दहा पिढ्यांनी १,०२४ जोड्यांत एक जोडी मिसळीची उरते. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून एम ३५-१ काढली, ती आजही सोलापूर-बीडकडे रब्बीत उभी आहे. रानातच पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध होत आलेले बी होते ते, शास्त्रज्ञांनी पारखून घेतले. परभणी मोती, फुले वसुधा हे नंतरचे सरळ वाणही तसेच घरी ठेवता येतात.

पण घरी ठेवायचे म्हणजे कसेही ठेवायचे नाही. आम्ही पदवी घेऊन घरी आलो त्या वर्षी काकांच्या रानात निवड करायला निघालो. विहिरीच्या कडेची सहा कणसे काढली, एकेक नारळाएवढे. काका म्हणाले, "बाबा, ही विहिरीची औलाद हाय, कणसाची न्हाय." आम्ही पुस्तक शिकलेलो, ऐकतो कशाला? पुढच्या साली ते बी माळाला पेरले, तर शेजारच्या ओळीत आणि त्यात बोटभर फरक नव्हता. पाण्याने, शेणखताने, मोकळ्या जागेने मोठे झालेले कणीस ते मोठेपण बियात घालत नाही. म्हणून कणीस निवडायचे ते रानाच्या मध्यातले, ज्याला शेजाऱ्याएवढेच खत-पाणी मिळाले आणि तरीही जे वरचढ निघाले. कडेला दुसऱ्याच्या वाणाचे परागही पडतात, तेही टळते. आणि एक नाही, निदान शे-दोनशे कणसे घ्यायची.

मग त्यातली शुद्ध कोणती, हे ओळखायचे. इथेही मेंडेल कामाला येतो. ज्वारीच्या पानाची मधली शीर बघा. काहींची पांढरी शुभ्र, काहींची मळकट हिरवट. पांढऱ्या शिरेचे ताट आतून कोरडे, भुसभुशीत. मळकट शिरेचे रसाळ, ते जनावर आवडीने खाते. पांढरी शीर जोरकस, मळकट दबलेली. आता रानात मिसळ झाली आहे आणि तुम्हाला कडब्यासाठी रसाळ ताट हवे आहे. मळकट शिरेचे ताट दिसले की डोळे झाकून घ्या. दबलेला गुण दिसला याचा अर्थच जोडीत दोन्ही तेच आहेत, लपायला दुसरे काही नाही. आपल्याच परागाने फळले असेल तर पोरे सगळी तशीच. उलट पांढरी शीर हवी असेल तर संशय धरा. तो एकेरी असू शकतो, आत मळकट दडलेली असू शकते. तेव्हा प्रत्येक कणसाचे बी वेगळ्या पुडीत ठेवायचे, पुढच्या वर्षी एका कणसाची एक ओळ पेरायची. ओळ सगळी सारखी, तर कणीस शुद्ध. ओळीत एकही मळकट निघाले, तर ते घर मिसळीचे. विद्यापीठातही हेच करतात, फक्त त्यांच्या ओळींना पाट्या असतात.

सगळेच गुण असे एका जोडीचे नसतात, हेही सांगून ठेवतो. ताटाची उंची मुख्यतः चार जोड्यांवर चालते. उत्पन्न तर कितीतरी जोड्यांचे, वर पाऊस आणि जमीन. तिथे तीनास एक चालत नाही, तिथे ओळी लावून, मोजून, दोन-तीन वर्षे थांबूनच निवड करावी लागते. एका वर्षात "चमत्कारी वाण" काढून देणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कपाशीचे काय? कपाशीही बरीचशी स्वतःच्या परागाने फळते, पण मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात, म्हणून ज्वारीपेक्षा जास्त जपावे लागते. देशी आणि अमेरिकन शेजारी असल्या तरी त्यांची सोयरीक जमत नाही, गुणसूत्रे एकीची २६ आणि दुसरीची ५२. भीती असते ती अमेरिकनला अमेरिकन भेटण्याची. सरळ वाणात बीटी देण्याचा प्रयत्न आपल्या देशात झाला. बिकानेरी नर्मा बीटी हा सरकारी सरळ वाण बाजारात आला, पण त्यात कंपनीचेच जनुक सापडल्यावर तो मागे घ्यावा लागला. पुढे सुरज बीटी, रजत बीटी असे सरळ वाण आले. त्यांत पहिल्याच बीटीचे जनुक आहे, म्हणजे गुलाबी अळीला ते आवरत नाहीत, हिरवीपुरता आधार. तरीही त्यांचे बी घरी ठेवता येते, दाट लावता येते आणि लवकर मोकळे करता येते. आमचा कल तिकडे आहे. ज्याला पाण्याची सोय आहे, पाकीट परवडते, त्याने संकरित लावावे, त्याला आमची ना नाही. कोरडवाहू माणसाने दोन एकरांतली अर्धा एकर तरी सरळ वाणाला देऊन बघावी.

शेवटी जेवणाआधी एका मायबहिणीने विचारलेला प्रश्न घेतो, कारण तो नेमका आहे. तिने विचारले, "बिनबीटी सरकी निवडून बाजूला काढता येत नाही का? आम्ही भुईमूग निवडतो, तूर निवडतो." डोळ्यांनी येत नाही, सरकी दिसायला सारखीच. पानाचा तुकडा चुरडून तपासायची पट्टी मिळते. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनेही अशी तपासणी तयार केली आहे. पट्टी बीटी आहे की नाही सांगते, जोडी दुहेरी की एकेरी ते सांगत नाही. त्याला ओळच पेरावी लागते. एका झाडाची वीस सरक्या पेरा आणि विसांची पाने तपासा. वीसच्या वीस बीटी निघाली तर आई दुहेरी, पाच-सहा कोरी निघाली तर एकेरी.

घरातले बी आजवर मायबहिणींनीच राखले, उतरंडीत, राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात. म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावातून एक बाई यावी आणि रानाच्या मध्यातली वीस कणसे वीस पुड्यांत बांधून आणावीत. पुडीवर वाणाचे नाव, शेताचा गट नंबर आणि शिरेचा रंग लिहावा. ओळींसाठी जागा आम्ही तालुक्याच्या गावी बघून ठेवतो. मूग-ज्वारीच्या या पिशव्या परभणीकडची मंडळी घेऊन जातील. पहाटेची गाडी आहे, आता जेवून घेऊ.